चोविसाव्यानंतरचा पंचविसावा : ‘स्टाइन्स गेट’चा खरा शेवट कुठे होतो?

‘स्टाइन्स गेट’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचा चोविसावा भाग १४ सप्टेंबर २०११ रोजी जपानी टीव्हीवर लागला आणि मालिका संपली. त्यानंतर पाच महिन्यांहून थोड्या जास्त काळाने, २२ फेब्रुवारी २०१२ ला, ब्लू-रे आणि डीव्हीडीचा नववा म्हणजे शेवटचा खंड आला. त्यात पंचविसावा भाग होता. तो टीव्हीवर लागला नव्हता. डिस्क घेणाऱ्यांसाठी दिलेला तो जादा भाग होता, आणि अशा जादा भागांकडून सहसा कुणी फार अपेक्षा ठेवत नाही. समुद्रकिनारा, गरम पाण्याचे झरे, थोडी थट्टामस्करी, झालं. इथे मात्र असं घडलं की मालिकेतला सर्वांत मोठा न सुटलेला धागा याच भागात सुटतो. तो कसा सुटतो, मुख्य मालिकेत का सुटू शकला नसता, आणि दुसरे जादा भाग हे काम का करू शकत नाहीत, हे इथे तपासायचं आहे.

पुढे सगळं कथानक उघड केलेलं आहे. मालिका पाहिली नसेल तर आधी ती पाहावी.

मालिकेने काय मांडलं होतं

मूळ कृती हा ५पीबी आणि नाइट्रोप्लस या कंपन्यांचा व्हिज्युअल नॉव्हेल प्रकारातला, म्हणजे चित्रांसह वाचत आणि पर्याय निवडत पुढे जायचा खेळ, ऑक्टोबर २००९ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर आलेला. अ‍ॅनिमे व्हाइट फॉक्स स्टुडिओचं, दिग्दर्शन हिरोशी हामासाकी आणि ताकुया सातो यांचं, मालिकेची एकूण रचना जुक्की हानादा यांची. एप्रिल ते सप्टेंबर २०११ असे सलग दोन कूर (तीन-तीन महिन्यांचे प्रसारण हंगाम), २४ भाग.

कथा २८ जुलै २०१० ला टोकियोच्या अकिहाबारा भागातल्या रेडिओ काइकान इमारतीत सुरू होते. ओकाबे रिंतारो, स्वतःला होओइन क्योमा म्हणवणारा अठरा वर्षांचा विद्यार्थी, तिथे माकिसे कुरिसु नावाच्या तरुण शास्त्रज्ञ मुलीला रक्ताच्या थारोळ्यात पाहतो आणि दारू नावाच्या मित्राला मेसेज पाठवतो. त्यांच्या लॅबमधल्या फोन जोडलेल्या मायक्रोवेव्हमुळे तो मेसेज भूतकाळात जातो. हा पहिला डी-मेल. त्याने जग एका वर्ल्डलाइनवरून, म्हणजे घटनांच्या एका प्रवाहावरून, दुसरीवर सरकतं आणि मेलेली कुरिसु जिवंत समोर उभी राहते. बदल फक्त ओकाबेच्या लक्षात राहतो. या क्षमतेला तो रीडिंग स्टाइनर म्हणतो.

यंत्राच्या मर्यादा मालिका नेमक्या सांगते आणि पाळते. डी-मेलमध्ये ३६ बाइट मावतात, तेही तीन तुकड्यांत. पुढे बनलेलं टाइम लीप यंत्र माणसाची आठवण, सुमारे ३.२४ टेराबाइट, सर्न या संशोधन संस्थेच्या (कथेत ती पुढे जगावर राज्य करते) कृष्णविवरातून दाबून ३६ बाइटांवर आणतं आणि जास्तीत जास्त ४८ तास मागे पाठवतं. हे आकडे नुसती सजावट नाहीत. ४८ तासांची सीमा नसती तर ओकाबेची बालमैत्रीण मायुरी हिला वाचवण्याची ती जीवघेणी धावपळ झालीच नसती. १३ ऑगस्टला मायुरी मरते, ओकाबे मागे जातो, ती पुन्हा मरते, दुसऱ्या तऱ्हेने मरते. अल्फा वर्ल्डलाइनवर तिचा मृत्यू अटळ आहे, तेव्हा डायव्हर्जन्सचा, म्हणजे आपण कुठल्या वर्ल्डलाइनवर आहोत ते सांगणारा, आकडा १ टक्क्याच्या पुढे नेण्याखेरीज मार्ग उरत नाही. त्यासाठी पाठवलेले सगळे डी-मेल एकेक करून रद्द करायचे. भविष्यातून टाइम मशीनने आलेल्या सुझुहासाठीचा, ओळखीतल्या फेरिसचा, रुकाचा, मोएकाचा, आणि अखेरीस तो पहिला. पहिला रद्द केला की मायुरी वाचते, पण आपण बीटा वर्ल्डलाइनवर येतो, जिथे कुरिसु रेडिओ काइकानमध्ये मेलेलीच आहे.

बाविसाव्या भागात अर्धं राहिलेलं वाक्य

पंचविसावा भाग समजून घ्यायचा तर बाविसाव्यापाशी थांबावं लागतं, आणि जरा जास्तच वेळ. शेवटाबद्दलच्या बहुतेक चर्चा तेविसाव्यापासून सुरू होतात. आमच्या मते गाठ बसते ती इथे.

मायुरी की कुरिसु, हा निर्णय झालेला आहे. तो कुरिसुनेच ओकाबेकडून करवून घेतला आहे. लॅबमध्ये दोघंच असताना तो तिला सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे. चुंबन होतं. कुरिसु मेंदूविज्ञान शिकलेली मुलगी, म्हणून कारणही तशीच देते: पहिल्या चुंबनासारखा तीव्र अनुभव आठवणीत घट्ट बसतो, तेव्हा तू मला विसरणार नाहीस. ओकाबे म्हणतो, हे माझं पहिलं नव्हतं, म्हणून पुन्हा हवं. (हे वाक्य लक्षात ठेवायचं, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.) मग ती निघून जाते. दारू सर्नच्या माहितीसाठ्यात शिरून पहिल्या डी-मेलची नोंद पुसायला तयार बसलेला आहे. ओकाबे क्योमाच्या थाटात भाषण ठोकतो, एंटर दाबतो, आणि त्याच क्षणी दार उघडून कुरिसु धावत आत येते. ती निरोप घेते, तिचंही त्याच्यावर प्रेम आहे असं सांगू लागते, आणि वाक्य पुरं होण्याआधी वर्ल्डलाइन सरकते.

ओकाबेला आपल्या कबुलीचं उत्तर मिळालं, पण अर्धं. ज्या कुरिसुने ते दिलं ती आता अस्तित्वात नाही. ज्याने ऐकलं त्या एकट्यालाच हे घडल्याचं माहीत आहे. इतर कुठल्याही मालिकेत अशी कबुली फार तर गैरसमजाने, अपघाताने अडते. इथे ती ज्या जगात झाली ते जगच राहिलं नाही. मालिकेने पहिल्या भागापासून उभारलेले नियम, म्हणजे वर्ल्डलाइन बदलली की आठवण जाते आणि ओकाबेची तेवढी राहते, या एका सेकंदात सर्वांत क्रूरपणे वापरले गेले आहेत.

चोविसावा भाग कशाकशाचा हिशेब करतो

एखादा शेवट पुरा आहे की नाही हे ठरवायला आम्ही एक साधी पद्धत वापरतो. शेवटच्या टीव्ही भागाआधी थांबायचं आणि उधारीच्या वहीत लिहावी तशी मालिकेने प्रेक्षकाला देणं असलेली प्रत्येक गोष्ट कागदावर लिहायची. मग भाग पाहायचा आणि जे खरोखर पडद्यावर फिटलं तेवढ्यावरच रेघ मारायची. ‘फिटलंच असेल’ असं वाटणाऱ्या गोष्टींवर रेघ मारायची नाही. तिथेच बहुतेकांची फसगत होते, कारण शेवटचं संगीत सुरू झालं की सगळंच मिटल्यासारखं वाटतं.

‘स्टाइन्स गेट’ची यादी अशी निघते. मायुरीचा जीव. कुरिसुचा जीव. तिसरं महायुद्ध, जे कुरिसुचे वडील डॉक्टर नाकाबाची यांनी पळवलेल्या टाइम मशीनच्या शोधनिबंधातून पेटणार आहे. सर्नचं भविष्यातलं राज्य. सुझुहाचं भवितव्य. कुरिसु आणि तिच्या वडिलांमधलं वैर. ओकाबेने एकट्याने वाहिलेल्या आठवणी. आणि बाविसाव्या भागातलं अर्धं वाक्य.

तेविसाव्या भागात सुझुहाच्या टाइम मशीनने मागे जाऊन कुरिसुला वाचवण्याचा पहिला प्रयत्न फसतो आणि कुरिसुला सुरी लागते ती ओकाबेच्याच हातून. मग २०२५ मधल्या ओकाबेचा व्हिडिओ मेल येतो: तू पाहिलेलं बदलू नकोस, पहिल्या ‘तू’ला फसव, जगाला फसव. म्हणजे कुरिसु मेल्याचं दृश्य तसंच दिसू दे, ती मात्र वाचव. चोविसावा भाग ही योजना अमलात आणतो आणि तिचे सगळे बारकावे जुळवतो. खोटं रक्त सुकून गेल्यावर ओकाबे नाकाबाचीने केलेली जखम स्वतःच मोठी करतो आणि आपल्याच रक्ताचं थारोळं करून त्यात बेशुद्ध कुरिसुला निजवतो. निबंधाचं काम त्याहून सुबक. मूळ घटनाक्रमात निबंधाच्या पाकिटात मायुरीचं मेटल उपा नावाचं धातूचं खेळणं पडलेलं असतं. त्यामुळे विमानतळावर डिटेक्टर वाजतो, पाकीट सामानात न जाता नाकाबाचीच्या जवळ राहतं आणि विमानाला लागलेल्या आगीतून वाचतं. ओकाबे ते धातूचं खेळणं आधीच काढून घेतो, मायुरीला साधं प्लॅस्टिकचं मिळतं, डिटेक्टर वाजत नाही आणि निबंध जळतो. महायुद्ध टळतं ते पन्नास-शंभर येनच्या खेळण्यामुळे. कथानक बांधण्याची ही शिस्त पाहून मन भरून येतं.

मायुरी वाचली, कुरिसु वाचली, युद्ध टळलं, सर्नचा धोका गेला, या चार ओळींवर रेघ. सुझुहा टाइम मशीनसह विरून जाते, पण सात वर्षांनी भेटू असं सांगून. २०१७ मध्ये ती जन्माला येणार आहे आणि लॅबच्या आठ सदस्यांची आद्याक्षरं कोरलेल्या बॅजवर तिचंही अक्षर आहे. ही पाचवी रेघ. वडील-मुलीचं वैर तसंच राहतं.

मग रस्त्यावरची भेट. कुरिसु आपल्याला वाचवणाऱ्या अनोळखी माणसाला अकिहाबारात शोधत फिरते आहे. ओकाबे तिला शोधत नाही, ती जिवंत आहे एवढं त्याला पुरे आहे. दोघं समोरासमोर येतात. तो तिला सवयीने क्रिस्टिना म्हणतो, ती सवयीने ‘मी क्रिस्टिना नाही’ असं फटकारते, आणि मग आपण असं का बोललो याचं तिचं तिलाच नवल वाटतं. मालिका इथे संपते. पहिल्या भागाच्या नावातले ‘सुरुवात’ आणि ‘शेवट’ हे शब्द चोविसाव्याच्या नावात उलट क्रमाने येतात, इतकं हे वर्तुळ मुद्दाम आखलेलं आहे.

वहीत शेवटच्या दोन ओळी अजून उघड्या आहेत. कुरिसुच्या त्या फटकाऱ्यातून कळतं की आठवणीचा काही अंश शिल्लक आहे. पण अंश आहे हे दाखवणं वेगळं, आणि ज्याचं उत्तर अर्धं तुटलं होतं त्याला ते मिळणं वेगळं.

ते चोविसाव्यातच का नाही

वेळ नव्हता हे कारण खरं आहे, पण अपुरं. एका भागाला जाहिराती वगळून साधारण २४ मिनिटं मिळतात आणि त्यात जखम, पळवाट, हॉस्पिटल, बॅज आणि भेट एवढं कोंबलेलं आहे. पण आणखी दहा मिनिटं मिळाली असती तरी कबुली तिथे ठेवणं चूक ठरलं असतं.

त्या रस्त्यावर येईपर्यंत कुरिसु ओकाबेला प्रत्यक्षात फक्त एकाच दिवशी भेटलेली आहे, ज्या दिवशी त्याने तिला स्टन गनने बेशुद्ध केलं. ओकाबेच्या मनात तीन आठवड्यांचं आयुष्य आहे, तिच्या मनात काहीच नाही. त्या क्षणी त्याने प्रेम बोलून दाखवलं असतं तर ते मेलेल्या जगातल्या मुलीला उद्देशून झालं असतं. समोर उभ्या असलेल्या मुलीवर त्याने दुसऱ्या कुणाचं तरी ऋण लादल्यासारखं झालं असतं. तिला आपल्या पायाने, आपल्या वेगाने तिथवर यायला वेळ द्यावा लागतो, आणि वेळ म्हणजे नुसती मिनिटं नव्हेत, कथेतले दिवस.

दुसरं कारण वर्ल्डलाइनच्या स्वरूपात आहे. १.०४८५९६ ही स्टाइन्स गेटची वर्ल्डलाइन म्हणजे ज्याचं भविष्य कुणालाच ठाऊक नाही असं जग. तिथे पोचताच पुढचं सगळं दाखवून टाकलं तर ती व्याख्याच मोडते. मुख्य मालिकेने उंबरठ्यावर थांबणं हे तिच्याच तर्काने योग्य आहे. जादा भाग त्या उंबरठ्याच्या आत थोडंसंच जातो. लग्न, मुलंबाळं, दहा वर्षांनंतरचं चित्र असलं काही तो दाखवत नाही.

पंचविसाव्यात नेमकं काय होतं

राइनेट अ‍ॅक्सेस बॅटलर्स या खेळातली फेरिसची हुकमत मालिकेत आधीच आलेली आहे. त्याच खेळाच्या स्पर्धेसाठी तिला अमेरिकेत लॉस एंजेलिसला बोलावणं येतं आणि लॅबची मंडळी तिच्यासोबत जातात. कुरिसु अमेरिकेतच संशोधन करते, तेव्हा भेट ठरलेली. अर्धा भाग मोकळा, हसरा आहे. यावर काही प्रेक्षक नाराज होतात, पण हा मोकळेपणा भागाच्या कामाचा आहे.

आधीचे २४ भाग आठवा. लॅबची कोंदट खोली, खालचं ब्राउन ट्यूबच्या जुन्या टीव्हींचं दुकान, रेडिओ काइकान, अकिहाबारातल्या चार गल्ल्या. फिकट, उन्हाने पांढरे पडलेले रंग. दोघांमधला प्रत्येक जवळचा क्षण कुठल्या ना कुठल्या घड्याळाच्या धाकाखाली घडला होता: मायुरीच्या मृत्यूची वेळ, ४८ तासांची मर्यादा, एंटर दाबायची घटका. बाविसाव्यातलं चुंबनसुद्धा आठवण पुसली जाणार या भीतीतून झालं. तेव्हा रास्त शंका उरते: हे प्रेम होतं, की बुडत्या माणसांनी एकमेकांना धरलेला हात? ही शंका अकिहाबारात फिटू शकत नाही. त्यासाठी जिथे कुणी मरणार नाही, काही उलटं फिरवायचं नाही, घाई नाही, अशी जागा हवी. रिकामं वाळवंट आणि त्यातून जाणारा सरळ रस्ता यापेक्षा नेमकी जागा सापडली नसती. ओकाबे भरकटत तिथे पोचतो आणि त्याला आणायला कुरिसु गाडी घेऊन येते.

तोवर कुरिसुला स्वप्नासारख्या धूसर आठवणी छळू लागल्या आहेत. तिच्या शास्त्रीय मनाला त्या पटत नाहीत आणि झटकताही येत नाहीत. ओकाबे मात्र टाळतो आहे. त्याचं टाळणं प्रामाणिक आहे: जे तिने जगलंच नाही त्याचा हक्क तिच्यावर सांगायचा नाही, अशी त्याची भूमिका. भागाचा सगळा ताण या दोन हट्टांमध्ये आहे. ती विचारते, तो चुकवतो. शेवटी दोघांमधलं न बोललेलं उघड होतं, आणि पुढाकार कुरिसुचा आहे हे महत्त्वाचं. बाविसाव्यात धावत आत येऊन बोलणारी तीच होती. इथेही विषय तीच धसास लावते. अर्धं वाक्य जिथून तुटलं तिथूनच, त्याच बाजूने, पुढे सुरू होतं.

आणि यात ओकाबेच्या एकटेपणाची ओळही मिटते. आपण पाहिलेलं कुणाला सांगून पटणार नाही हे त्याचं दुःख शेवटच्या काही भागांत युद्धापेक्षाही जड होऊन बसलं होतं. कुरिसुला सगळं आठवायची गरज नाही. तिच्यात काहीतरी उरलं आहे आणि ती त्याला खोटं म्हणत नाही, एवढ्याने त्याचं ओझं दोघांत वाटलं जातं.

वडिलांच्या वैराची ओळ मात्र इथेही उघडीच राहते. नाकाबाचीने स्वतःच्या मुलीवर सुरी उगारली होती. त्यावर पुढे एक शब्द नाही. भागाची बाजू घ्यायची म्हणून ही उणीव झाकायचं कारण नाही. ती आहे.

‘ट्रू एंड’ मग कोणता?

व्हिज्युअल नॉव्हेल खेळणाऱ्यांना हा वाद वेगळा दिसतो, कारण त्यांच्यासाठी ‘ट्रू एंड’ म्हणजे खरा शेवट ही मोजूनमापून ठरलेली गोष्ट आहे. खेळात सहा शेवट आहेत: सुझुहा, फेरिस, रुका, मायुरी, कुरिसु आणि ट्रू. शेवटच्या दोहोंमधला फरक फोनमध्ये दडलेला आहे. सुरुवातीच्या प्रकरणांपासून कुरिसुच्या ठरावीक मेलना योग्य उत्तरं दिली असतील तरच अकरावं प्रकरण उघडतं. नाहीतर खेळ दहाव्या प्रकरणात कुरिसुच्या मृत्यूवर थांबतो. म्हणजे जग वाचवण्याची अट काय, तर तिच्याशी नीट बोललेलं असणं. खेळाची ही रचना फार सुंदर आहे आणि ती अ‍ॅनिमेत जशीच्या तशी आणता येत नाही, कारण प्रेक्षकाच्या हातात फोन नाही.

अ‍ॅनिमेने दोन्ही शेवट एकामागोमाग जोडले. बाविसावा भाग म्हणजे कुरिसुचा शेवट, तेविसावा-चोविसावा म्हणजे ट्रू एंड. खेळाडू कुरिसुच्या शेवटाला एक फाटा मानून बाजूला ठेवू शकतो. अ‍ॅनिमेच्या प्रेक्षकासाठी ते तुटलेलं वाक्य मुख्य रस्त्यावरच घडलं. म्हणून खेळ रस्त्यावरच्या भेटीपाशी थांबला तर पुरेसा वाटतो आणि अ‍ॅनिमे त्याच भेटीपाशी थांबलं तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. अमेरिकेचा प्रवास खेळाच्या ट्रू एंडमध्ये नाही. जोडणीमुळे अ‍ॅनिमेवर चढलेलं जादा देणं अ‍ॅनिमेनेच जादा भागातून फेडलं. नाव काहीही द्या, अ‍ॅनिमेचा शेवट पंचविसाव्यात होतो.

सगळेच जादा भाग हे करत नाहीत

याच नावाखाली आलेलं ‘स्टाइन्स गेट झिरो’ पाहा. २०१८ चं अ‍ॅनिमे, टीव्हीवर २३ भाग आणि डिस्कवर एक जादा. तो जादा भाग व्हॅलेंटाइनच्या दिवसांवर आहे, आणि गोडही आहे. पण तेविसाव्याने जे उघडं ठेवलं त्यातलं काहीच तो मिटवत नाही, कारण तो मागच्या काळात जाऊन बसतो. तो न पाहता राहिला तरी कथा पुरी आहे.

‘एंजल बीट्स’चं उदाहरण उलट दिशेचं. २०१० ची १३ भागांची मालिका, आणि शेवटच्या डिस्कवर काही मिनिटांचा ‘अनदर एपिलॉग’. त्यात नायक ओतोनाशी त्या मरणोत्तर शाळेतच राहून इतरांना पुढे जायला मदत करताना दिसतो. टीव्हीवरच्या शेवटातून निघणारा अर्थ आणि हा अर्थ एकत्र नांदत नाहीत. याने काही फिटत नाही, उलट फिटलेलं पुन्हा उघडं पडतं. म्हणून चाहत्यांमध्ये तो कायमचा वादाचा विषय राहिला.

‘बाकानो’ने तिसरा मार्ग घेतला. २००७ मध्ये १३ भाग टीव्हीवर, पुढचे तीन फक्त डिस्कवर. सोळाव्याच्या नावातच कॅरल या पात्राला उमगतं की कथेला शेवट असता कामा नये. जिथे पात्रं अमर आहेत आणि घटनाक्रम पहिल्यापासून विस्कटलेला आहे, तिथे असा शेवटच प्रामाणिक. तेराव्यापर्यंत कथानक जुळतं, पण मालिकेचा विचार सोळाव्यात पुरा होतो. पंचविसाव्याचा हा जवळचा नातलग म्हणता येईल.

म्हणजे जादा भाग खरा शेवट ठरायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. तो काळाने शेवटच्या भागाच्या पुढे असावा. त्याने यादीतली निदान एक मोठी उघडी ओळ मिटवावी. आणि मिटलेल्या ओळी पुन्हा उघडू नयेत किंवा स्वतःची नवी आपत्ती आणू नये.

या तिसऱ्या अटीवर २०१३ चा चित्रपट ‘लोड रीजन ऑफ देजा व्यू’ अडतो. तो एप्रिल २०१३ मध्ये आला, कथा ऑगस्ट २०११ ची, म्हणजे काळाने पंचविसाव्याच्याही पुढे. ओकाबेच्या डोक्यातल्या अनेक वर्ल्डलाइनच्या आठवणींच्या भाराने तो जगातूनच नाहीसा होतो आणि आता एकटीने आठवण वाहायची पाळी कुरिसुवर येते. ती २००५ मध्ये जाऊन लहान ओकाबेला एक घट्ट आठवण देते, पहिल्या चुंबनाची. बाविसाव्यातलं ‘हे माझं पहिलं नव्हतं’ इथे येऊन बसतं आणि क्षणभर अंगावर काटा येतो. तरीही चित्रपट स्वतःच निर्माण केलेलं संकट स्वतःच निवारतो. मूळ मालिकेने त्याचं काही देणं ठेवलेलं नव्हतं. तो पुढची गोष्ट आहे, आणि चांगली आहे.

पाहताना कुठे चुकतं

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे पंचविसावा भाग यादीत दिसतच नाही. पुष्कळ ठिकाणी तो ‘ओव्हीए’ (टीव्हीऐवजी थेट डिस्कवर आलेला भाग) किंवा ‘स्पेशल’ म्हणून वेगळ्या जागी असतो, चोविसाव्यानंतर आपोआप सुरू होत नाही, आणि प्रेक्षक थेट चित्रपटावर जातो. मग चित्रपटात दोघांमधली जवळीक अचानक कुठून आली असं वाटत राहतं.

दुसरी चूक ‘२३ बीटा’ची. डिसेंबर २०१५ मध्ये दाखवलेला हा तेविसाव्याचा बदललेला भाग आहे: यात ओकाबे पहिल्या अपयशानंतर उभा राहत नाही, हार मानतो. ‘झिरो’ची कथा इथून निघते आणि २०२५ चा तो व्हिडिओ मेल कसा तयार झाला हे सांगते. काही याद्या याला मूळ तेविसाव्याच्या जागी किंवा त्याला लागून ठेवतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याने असं केलं तर शेवटाचा वेग पूर्ण तुटतो आणि पंचविसाव्यातला सैलपणा ज्या सुटकेवर उभा आहे ती सुटकाच मिळत नाही.

म्हणून पहिल्या वेळी क्रम असा ठेवावा: १ ते २४ सलग, मूळ तेविसावाच, मग २५, मग चित्रपट. ‘२३ बीटा’ आणि ‘झिरो’ त्यानंतर, शक्यतो काही आठवड्यांच्या अंतराने. ‘झिरो’ संपल्यावर मूळ २३ आणि २४ पुन्हा पाहिले तर व्हिडिओ मेलमधला थोराड आवाज वेगळाच ऐकू येतो, कारण त्या पंधरा वर्षांतल्या सुरुवातीच्या काळाची किंमत आता माहीत असते.

पंचविसावा लावण्याआधी एवढं जरूर करावं: चोविसाव्यानंतर लगेच तो सुरू करू नये. एक दिवस जाऊ द्यावा, मग बाविसाव्याची शेवटची काही मिनिटं, एंटर दाबण्यापासून दार उघडेपर्यंतची, पुन्हा पाहावीत आणि तिथून थेट वाळवंटात जावं.